शेऱ्याच्या रकान्यातले आभार

तीर्थस्वरूप मामींना,

तुमचे पाय या घटकेला नेमके कुठे असतील ते इथून दिसत नाही (बहुधा ओट्याशी, आणि दुखत असतील), त्यामुळे अंदाजाने दिशा धरून वाकतो. नमस्कार पोचला असं समजावं. मामांचा खोकला कसा आहे? बाटली हलवून मग औषध घ्यायचं असतं हे त्यांना अजून पटलेलं नसणार. तुमचा गुडघा जिना चढू देतो, की अजूनही वरच्या मजल्यावरच्यांनाच खाली बोलावून घेता? धाकटीला सांगा, तिची छत्री माझ्याकडे नाही. होती, पण आता नाही. (त्याचं एक वेगळं पत्र होईल.) मी खुशाल आहे. अंगात सदरा आहे, पोटात अन्न आहे आणि केस तर असे सुरेख कापलेले आहेत की रस्त्यातली माणसं मला कोणीतरी समजून वाट देतात.

हे पत्र आभाराचं आहे, मामी. माझी पत्रं तुम्ही शेवटाकडून वाचायला घेता हे मला माहीत आहे, आणि का ते विचारायची माझी छाती नाही. पण एवढ्या वेळी वरून खाली या. तुमच्या दोन वाक्यांनी इथे एका बाईंचा धंदा बुडता बुडता वाचला. तुम्हाला त्याचा पत्ताही नाही, म्हणून लिहितो.

खरं तर मी या गावात थांबणारच नव्हतो. पाट्या रंगवणाऱ्या एका उस्तादांबरोबर त्यांचे डबे उचलत मी फिरत होतो. (काम हलकं, डबे जड.) इथे पोचल्यावर त्यांनी मला पिवळा रंग आणायला धाडलं. वाटेत एका घड्याळजीच्या दुकानात भिंतीवरचं प्रत्येक घड्याळ वेगळीच वेळ दाखवत होतं, आणि तो स्वतः मात्र जाणाऱ्या-येणाऱ्याला वेळ विचारत होता. हे प्रकरण काय आहे ते समजून घेईपर्यंत मला जरा उशीर झाला. परत आलो तर उस्तादांनी पाटी निळ्या रंगावर भागवली होती आणि ते पुढच्या गावी निघून गेले होते. हातात पिवळा डबा, खिशात काही नाही. डोकं ठिकाणावर यावं म्हणून समोरच्या सलूनमध्ये शिरलो. रंगाचा डबा घेऊन केस कापून द्याल का, असं विचारलं. आतल्या बाई म्हणाल्या, बस, डबा राहू दे, तसंही आज दुकान बंद करायचंय. मला वाटलं दिवसापुरतं. त्या म्हणाल्या, कायमचं.

त्यांना सगळे ताई म्हणतात. मी मनातल्या मनात कात्रीताई म्हणतो, कारण बोलताना हातात काही नसलं तरी त्यांची दोन बोटं हवा कापत असतात. दुकान चालत नव्हतं म्हणून त्या ते बंद करत होत्या असं समजू नका. शेजारच्या एक आजी पडून मांडीचं हाड मोडून बसल्या, तेव्हा त्यांचे केस कापायला ताई घरी गेल्या होत्या. तिथून एकाने दुसऱ्याला सांगितलं आणि अंथरुणातून उठू न शकणाऱ्या माणसांची बोलावणी येत राहिली. ताईंचं म्हणणं असं, की आजारी माणसाला जेवण मिळतं, औषध मिळतं, पण त्याचे केस कोणी धूत नाही, आणि माणूस सगळ्यात आधी तिथून खचतो. म्हणून आता दुकान सोडून तेच काम करायचं. त्यासाठी पलंगाशी नेता येईल असं घडीचं बेसिन घ्यायचं होतं, त्याला नळी, खाली बादली, सगळं जोडलेलं. ते महाग होतं, आणि त्याच्यासाठी त्या पैसे बाजूला टाकत होत्या. केस कापून होईपर्यंत माझीही सगळी कहाणी सांगून झाली होती. (घड्याळजीसकट.) त्यांनी माझ्या मानेवरचे केस झटकले आणि म्हणाल्या, दुकानाचं भाडं मुदतीपर्यंत भरलेलं आहे, तोवर इथे झोप. झाडून घेत जा. कोणी काही आणून दिलं तर घेऊन ठेवत जा.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, मामी. मी ते फारच लक्षात ठेवलं.

सलूनमध्ये राहणं कसं असतं ते तुम्हाला सांगतो. तीन खुर्च्या होत्या, पायाने कळ दाबली की वर जाणाऱ्या. मधली मागे कलायची, तीत मी झोपायचो, मान बेसिनच्या खाचेत. समोर आरसा आणि मागेही आरसा. सकाळी डोळे उघडले की माझ्यासारखी आळशी पोरं रांगेने पार लांबपर्यंत पसरलेली दिसायची. एवढ्यांतला एकही उठून कामाला लागलेला नाही हे पाहून मला वाईट वाटायचं, आणि मी पुन्हा डोळे मिटायचो. पुढे मला बाजारात भाजीची पोती उतरवायचं काम मिळालं, तेव्हा ती सगळीच्या सगळी रांग एकदम कामाला लागली, याचं समाधान वेगळंच.

मी राहायला गेलो त्याच आठवड्यात दारात व्हॅन थांबली. व्हॅनवाले दादा उतरले आणि त्यांनी टॉवेलांचा गठ्ठा माझ्या हातांवर ठेवला. पांढरेशुभ्र, इस्त्रीने कडक झालेले, कागदी पट्ट्याने बांधलेले, अजून कोमट. मामी, मला भरून आलं. मला वाटलं, या बाईंनी ओळखदेख नसताना जागा दिली आणि वर माझ्या आंघोळीची सोयही लावून दिली. तुमच्याकडे मी न्हाणीघरात शिरायच्या आधीच खुंटीवर कोरडा पंचा असायचा, आणि तो कधी लावला गेला हे मला आजवर दिसलेलं नाही. तसलाच हा प्रकार वाटला. दादांनी चिठ्ठी पुढे केली. नाव, सही आणि शेवटी शेरा. आता शेऱ्याचा रकाना रिकामा सोडणं मला उद्धटपणाचं वाटतं. (माझ्या प्रगतिपुस्तकात तो कुणी कधी रिकामा सोडला नाही.) मी लिहिलं, "सेवा उत्तम. अशीच चालू राहावी ही नम्र विनंती." जागा उरली होती म्हणून खाली "अनंत उपकार" असंही लिहिलं.

मग दर आठवड्याला गठ्ठा येऊ लागला आणि माझे शेरे लांबत गेले. दादा मात्र वापरलेले टॉवेल परत मागायचे. मी एकटा किती वापरणार? त्यांनी समजावलं, की वापरलेले परत गेले नाहीत तर ते हरवले असं धरतात. ताईंच्या नावावर टॉवेल हरवल्याचा बट्टा लागू नये, म्हणून मी कामाला लागलो. एकाने अंग पुसायचं, एकाने आरसा, एक मानेखाली, एक पायांवर, आणि तरी गठ्ठा जिथल्या तिथे. शेवटी शेजारच्या सायकल दुरुस्तीवाल्यांना हात पुसायला दिले. त्यांनी इतके जीव लावून पुसले की पुढच्या खेपेला दादा एक टॉवेल चिमटीत धरून बराच वेळ बघत राहिले, आणि इथे केस कापता की आणखी काही करता, एवढंच त्यांनी विचारलं. ताईंना मी यातलं काही बोललो नाही. कुणी गुपचूप उपकार करत असेल तर त्याची जाहीर वाच्यता करून त्याला अवघडवू नये, असा माझा समज होता.

एक दिवस ताई स्वतःच आल्या. चेहरा उतरलेला, आणि बोटं थांबलेली. मी लगेच खुर्ची पुसली (टॉवेलने). त्या म्हणाल्या, बेसिनचे पैसे भरायला गेले तर खात्यात तेवढे उरलेलेच नाहीत. दर महिन्याला कोणीतरी परस्पर कापून नेतंय. मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली, जिथे गठ्ठ्यावर गठ्ठा चढला होता.

"हे काय आहे?"

मी हात जोडून म्हणालो, "ताई, तुमचेच उपकार."

त्या मधल्या खुर्चीत बसल्या. खुर्ची आपोआप हळूहळू खाली गेली (कळ सैल झाली आहे), आणि तेवढ्या वेळात मला सगळं कळलं. टॉवेल भाड्याने देणाऱ्या कंपनीशी त्यांचा एका वर्षाचा करार होता. वर्ष संपलं, दुकान बंद झालं, म्हणजे करारही आटोपला अशी त्यांची समजूत. कंपनीची समजूत अशी, की बंद करा असं कोणी म्हटलं नाही, म्हणजे आणखी एक वर्ष चालू. आणखी वर्षभर पैसे कापले गेले असते तर बेसिन राहिलं बाजूला, ताईंना पुन्हा कुणाच्या तरी दुकानात नोकरी धरावी लागली असती, आणि अंथरुणातली ती सगळी माणसं तशीच राहिली असती.

कंपनीला फोन लावला. तिथे एक गोड आवाज आकडे दाबायला सांगतो. सेवा वाढवायची तर एक, आणखी वाढवायची तर दोन, नव्या वस्तूंसाठी तीन. बंद करण्यासाठी आकडाच नाही. मी आशेने दाबत गेलो. ताईंनी फोन हिसकावून घेतला नसता तर आमच्याकडे पायपुसणीही सुरू झाली असती. शेवटी एक माणूस बोलला, की बंद करायचं तर स्वतः कार्यालयात यावं लागतं, आणि तेही मुदत संपण्याआधीच्या महिन्यात. तो महिना होऊन गेला होता. तरी गेलो.

तिथल्या साहेबांना मी वसुलीसाहेब म्हणतो. पण माणूस इतका अदबशीर, की त्याच्यावर रागावायचं म्हटलं तर आपलीच लाज वाटावी. आम्हाला पाणी दिलं, गोळ्यांची बशी पुढे सरकवली. (मी दोन घेतल्या. ताईंनी एकही नाही.) ते म्हणाले, आपण काही बोलला नाहीत, तेव्हा आम्ही होकार धरला. आणि समजा ते सोडलं, तरी आपला माणूस दर आठवड्याला माल घेतोय, सही करतोय आणि वर असं लिहितोय. मग त्यांनी माझे शेरे वाचून दाखवले, एकेक करून, सावकाश. मामी, शाळेत निबंध वाचून दाखवताना बाई मध्येच थांबायच्या, इथे कोणी थांबेना. शेवटचा शेरा तर मला स्वतःलाही भारी वाटला. त्यात मी सूर्यालाही ओढलं होतं, म्हणजे जसा तो न चुकता उगवतो तसे आपले टॉवेल, वगैरे. तोंडातली गोळी मला ना गिळता येईना ना थुंकता येईना.

 परतताना वळणावर आल्यावर ताई फक्त म्हणाल्या, तू चांगल्या मनाने लिहिलंस. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मला जेवण गेलं असतं.

आम्हाला वाट दाखवली ती व्हॅनवाल्या दादांनी. पुढच्या खेपेला त्यांनी गठ्ठा खाली ठेवलाच नाही. व्हॅनच्या पायरीवर बसून म्हणाले, ग्राहक तक्रार केंद्रात जा, अशी प्रकरणं तिथे चालतात, पण मी सांगितलं असं कुठे बोलू नका. (म्हणून तुम्हीही बोलू नका, मामी. मीही बोललेलो नाही.) त्या दिवशी मी सही केली नाही आणि गठ्ठा परत पाठवला. दादांनी माझ्या पाठीवर थाप मारली. शेऱ्याचा रकाना कोरा राहिला. माझ्या हाताला कसंसंच झालं, पण सोसलं.

तक्रार केंद्र म्हणजे एक लांबट खोली, मधोमध टेबल, एका पायाखाली पुठ्ठा. टेबलामागे एक बाई, चष्मा कपाळावर, आणि चष्मा कुठे गेला म्हणून ड्रॉवर शोधत होत्या. दाखवावा की न दाखवावा या विचारात मी असताना कंपनीतर्फे बोलावलेल्या वसुलीसाहेबांनीच नम्रपणे दाखवला, आणि सुरुवातीलाच एक गुण त्यांच्या पदरात पडला. मग त्यांनी आपलं म्हणणं मांडलं, पुन्हा माझे शेरे वाचले, सूर्यासकट. बाईंनी मला विचारलं, हे तूच लिहिलंस का? हो. मनापासून? हो. मग आता तक्रार कसली?

ताई माझ्याकडे बघत होत्या. मला नीट मुद्द्यावर बोलता येत नाही हे तुम्ही जाणता. एक सांगायला जातो आणि दुसरंच निघतं. तसंच निघालं, आणि निघालात तुम्ही. मी सांगायला लागलो, की आमच्या मामींकडे एकदा एक विक्रेता गालिचे झाडायचं मशीन घेऊन आला. आमच्याकडे गालिचा नाही. तरी तो "नुसतं वापरून बघा" म्हणत ते कोपऱ्यात ठेवून गेला, आणि महिन्याने पैसे मागायला आला. उन्हातून आला होता म्हणून मामींनी त्याला आधी पाणी दिलं, बसायला दिलं, इतक्या लांब आलात म्हणून त्याचे आभारसुद्धा मानले. त्याने पावतीपुस्तक उघडलं, तेव्हा मामी म्हणाल्या,

"पाणी दिलं ते तुम्हाला तहान लागली होती म्हणून. मशीन घेते असं मी कधी म्हटलं?"

वसुलीसाहेब हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मला म्हणाल्या, हे पुन्हा सांग. मी गालिच्यापासून सुरू केलं, तर म्हणाल्या, फक्त मामी काय म्हणाल्या तेवढं. मी सांगितलं. मग त्या साहेबांकडे वळल्या. हा मुलगा आभार मानतोय, ते दिसतंय. करार ताईंचा. ताईंना तुम्ही विचारलंत का, की पुढचं वर्ष हवं की नको?

साहेब म्हणाले, आठवण दिली होती, नियमाप्रमाणे, मुदतीच्या आधी. कुठे दिली? तर टॉवेलांच्या गठ्ठ्याला जो कागदी पट्टा असतो, त्याच्या आतल्या बाजूला छापून. बाईंनी पट्टा मागितला. साहेबांच्या बॅगेत एक होता. वाचून दाखवा म्हणाल्या. साहेबांनी तो जवळ धरला, लांब धरला, खिडकीशी नेला. माझे शेरे ते घडाघडा वाचत होते, इथे मात्र दुसऱ्या शब्दालाच अडकले. मला त्यांची दया आली आणि मी मदतीला उठलो, पण ताईंनी माझा सदरा मागून धरून मला खाली बसवलं.

बाई म्हणाल्या, आठवण द्यायची तर ती माणसाला दिसेल अशी द्यायची. बरं, ताईंनी हा करार मुळात केला कसा? साहेब म्हणाले, फोनवर, आमच्याकडे ध्वनिमुद्रण आहे. ताई म्हणाल्या, हो, फोनवरच, एका गिऱ्हाइकाचं अर्धं डोकं व्हायचं होतं, मी "हो, चालेल" म्हटलं आणि फोन ठेवला. मग बाईंनी टेबलावर दोन्ही हात ठेवले आणि सांगितलं, की ज्या दाराने आत घेता त्याच दाराने बाहेर जाता आलं पाहिजे. फोनवर एका शब्दात सुरू झालं, तर एका शब्दात बंद होईल. ताई, बोला.

"नको," ताई म्हणाल्या.

एवढंच. बाईंनी ते लिहून घेतलं, वर्ष संपल्यापासून कापलेले पैसे परत द्यायला सांगितले, आणि साहेबांनीही, खरं सांगतो, सुटल्यासारखा श्वास सोडला. जाताना त्यांनी माझ्याशी हात मिळवला. म्हणाले, कंपनीला इतकं चांगलं कोणी कधीच लिहिलं नव्हतं, साहेबलोकांनी ते फलकावर लावलंय. मी आभार मानणारच होतो, पण ताईंनी पुन्हा सदरा धरला.

बेसिन आलं. पहिल्या दिवशी तांब्या धरायला मी ताईंबरोबर गेलो. मांडीचं हाड मोडलेल्या त्या आजीच होत्या. आधी तोंड वाकडं करून म्हणाल्या, पाणी कानात गेलं तर बघ. ताईंनी त्यांची मान खाचेत टेकवली, मी कोमट पाणी सोडत राहिलो, आणि ताईंची बोटं चालू झाली. आजी मला माझं लग्न का झालं नाही ते विचारत होत्या. विचारता विचारता मध्येच त्यांचा आवाज थांबला. मी घाबरलो. ताई हळूच म्हणाल्या, झोप लागलीय. मग आम्ही दोघं त्या जाग्या होईपर्यंत तसेच उभे राहिलो, ताई मानेखाली हात देऊन आणि मी तांब्या घेऊन. मामी, हे तुमच्यामुळे झालं. तुम्ही त्या दुपारी एका अनोळखी माणसाला दोन वाक्यं बोललात आणि पुन्हा कामाला लागलात. ती मी कुठून कुठे नेली बघा. आयुष्यात मी वाटेत न हरवता पोचवलेली ती एकच वस्तू असेल. त्याबद्दल तुमचे किती आभार मानू ते मला लिहिता येत नाही, आणि आता लिहायची जरा भीतीही वाटते.

मामांना नमस्कार. त्यांनी हे पत्र मोठ्याने वाचू नये, त्यांना खोकला लागेल.

तुमचा भाचा
(मामांच्या भाषेत) भिंगरी

ता. क. दुकानाच्या भाड्याची मुदत गेल्या आठवड्यात संपली. तिथे आता चपलांचं दुकान येतंय. किल्ली दिली. ताईंनी त्यांच्याकडे राहायला बोलावलं होतं, पण त्यांचं घर एका खोलीचं आहे आणि त्यात आता बेसिनही राहतं. हे पत्र पोस्टातल्या बाकावर बसून लिहितोय, शेजारी पिशवी आहे. तुमची गॅलरीतली खाट रिकामी असेल तर मी येऊ का?

ता. क. दुसरा. मागच्या खेपेला मी दोन दिवस म्हणून आलो होतो. तुम्ही जा म्हटलं नाहीत, तो मी होकार धरला आणि सगळा हिवाळा काढला. तुम्ही चकार शब्द काढला नाहीत, त्याचे आभार वेगळे. पण आता मला यातलं कळतं, तेव्हा यावेळी रीतसर येतो. पुढचा महिना संपेपर्यंत, त्यापुढे नाही. मुदत संपत आली की मी स्वतः तुमच्यासमोर उभा राहून, स्पष्ट आवाजात तशी आठवण देईन. त्यावर तुम्ही काहीच बोलला नाहीत, तर तो नकार धरायचा. मी पिशवी उचलेन आणि तोंड वाकडं न करता निघेन. "राहा" म्हणायचं असेल तर ते तुम्हाला तोंडाने म्हणावं लागेल. मामांना हा नियम वाचून दाखवा, त्यांना तो पसंत पडेल.

ता. क. तिसरा. हा मामांना वाचून दाखवू नका. मामी, त्या दिवशी गप्प राहू नका.